न्हाणीचे पाणी शौचालयाला : एका वसतिगृहातील प्रकल्प नोंदी

१७ डिसेंबर २०२३

लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातील एका माध्यमिक शाळेच्या मुलींच्या वसतिगृहात हे काम हाती घेतले आहे. वसतिगृहात १४० मुली राहतात. पाणी दोन बोअरचे, आणि त्यांपैकी एक बोअर दिवाळीनंतर अर्धा तास चालून हवा ओढू लागते. यंदाचा ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, त्यामुळे मार्चपासून टँकर लागणार हे आत्ताच दिसते आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते. १२ एप्रिलला पोहोचलेल्या पहिल्या गाडीत दहा वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी आले. त्या उन्हाळ्यात हे वसतिगृह परीक्षेआधीच रिकामे करावे लागले आणि घरी गेलेल्या मुलींपैकी काही जूनमध्ये परतल्याच नाहीत, असे गृहपाल बाई सांगतात. समितीने या कामाला मंजुरी दिली, ती मुख्यतः या कारणाने.

आधी मोजमाप केले. गच्चीवरील टाकीच्या उतरत्या पाइपला मीटर बसवून आठवडाभर वाचन घेतले, तेव्हा रोजचा वापर सरासरी ८,५०० लिटर निघाला, म्हणजे माणशी साधारण ६० लिटर. बादल्या मोजून केलेली विभागणी अशी : आंघोळ व कपडे ४,८००, शौचालये २,३००, स्वयंपाकघर १,१०० आणि उरलेले पिण्यासाठी. शौचालयात ओतल्या जाणाऱ्या २,३०० लिटरला पिण्यायोग्य पाणी असण्याची काहीच गरज नाही, आणि त्याच्या दुप्पट पाणी न्हाणीघरांतून रोज गटारात जाते. मैलापाण्याला हात लावायचा नाही, ते सेप्टिक टँकमध्ये जाते तसेच जाऊ द्यायचे, आणि न्हाणीचे पाणी तेवढे स्वच्छ करून शौचालयाला द्यायचे असे ठरले. मध्य प्रदेशातील धार आणि झाबुआ जिल्ह्यांतील आश्रमशाळांत नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) आणि युनिसेफ यांनी याच धर्तीवर काम केले होते व २००७ मध्ये त्याची मार्गदर्शिका काढली होती. आमची मांडणी बरीचशी तिच्यावर बेतलेली आहे, मात्र तेथील गाळणीऐवजी आम्ही खडीचा वाफा घेतला आहे, म्हणजे खडी भरून वर झाडे लावलेला खड्डा, ज्यातून सरकता सरकता पाणी स्वच्छ होते.

२८ डिसेंबर २०२३

इमारतीचा नळकामाचा नकाशा मिळाला, पण तो आणि भिंतीतले पाइप यांचा एकमेकांशी संबंध नाही. कोणत्या न्हाणीघराचे पाणी कुठे जाते हे शोधण्यासाठी रांगोळीचा गडद गुलाबी रंग बादलीभर पाण्यात कालवून एकेका नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे न्हाणीघरातील पाणी बाहेर जाण्याच्या जाळीच्या तोंडात, ओतला आणि शिपाई मामांना बाहेरच्या चेंबरांची झाकणे उघडून उभे केले. बारा न्हाणीघरांचा रंग अपेक्षित चेंबरमध्ये उतरला. वरच्या मजल्यावरील टोकाच्या दोन न्हाणीघरांचा मात्र कुठेच दिसेना, आणि बऱ्याच वेळाने तो सेप्टिक टँकच्या तोंडाशी निघाला. ही दोन न्हाणीघरे भिंतीच्या आतच शौचालयाच्या उभ्या पाइपला जोडलेली आहेत. भिंत फोडून ती वेगळी काढायची तर मिस्त्रींनी सांगितलेला खर्च त्या पाण्याच्या मानाने फार होता, म्हणून ती सोडून दिली. आता हिशेबाला सुमारे ४,२०० लिटर पाणी उरते, आणि तेही पुरेसे आहे.

जो कोणी असे काम करील त्याने ही रंगाची परीक्षा खोदाईआधी करावी, आणि प्रत्येक शौचालयातही रंग ओतून तो न्हाणीच्या चेंबरमध्ये येत नाही ना हे पाहावे. दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे, कारण एका शौचालयाचे पाणी जरी या वाटेला लागले तरी पुढचे सगळे गणित बदलते.

९ जानेवारी २०२४

खोदाई. वाफा १० मीटर लांब, ३ मीटर रुंद, खडीची खोली ७० सेंटिमीटर आणि त्यात पाणी ६० सेंटिमीटर. खडीत पोकळी साधारण ४० टक्के धरली तर वाफ्यात ७,२०० लिटर पाणी मावते, म्हणजे आमच्या प्रवाहाला दीड दिवसापेक्षा थोडी अधिक सवड मिळते. जेसीबी ताशी १,१०० रुपयांनी आणला.

येथे काळी भुई दीड मीटरपर्यंत आहे आणि खाली मुरूम लागतो. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. तिच्यावर थेट विटांची टाकी बांधली तर दोन वर्षांत तिला तडा जाणार, हे गावातल्या कोणत्याही गवंड्याला विचारावे. म्हणून गाळ टाकीचा, म्हणजे वाफ्याआधी पाण्यातला गाळ खाली बसवणाऱ्या टाकीचा, पाया मुरुमापर्यंत नेला आणि भिंतीबाहेरची फटही मुरुमानेच भरून धुम्मस केली. यात तीन हजार रुपये आणि दोन दिवस जादा गेले, ते योग्यच गेले.

२३ जानेवारी २०२४

वाफ्याला काँक्रीट न करता शेततळ्याचा प्लास्टिक कागद घातला. आपल्याकडे शेततळी इतकी झाली आहेत की ५०० मायक्रॉनचा कागद, तो जोडणारे गरम हवेचे यंत्र आणि ते चालवणारा माणूस हे तिन्ही तालुक्याच्या गावी मिळतात. कागद जोडणीसह साडेसहा हजारांत झाला. काँक्रीटचा अंदाज त्याच्या नऊपट होता. कागदाखाली बारीक चाळलेल्या मातीचा दोन इंची थर दिला, कारण मुरुमाचा एखादा धारदार खडा राहिला तर वरून खडी पडताच तो कागद फाडतो.

वाफ्याला लांबीच्या दिशेने शेकडा एक उतार हवा होता. पाण्याच्या नळीने लेव्हल तपासली तेव्हा मधोमध चार सेंटिमीटरचा खोलगट भाग निघाला. कागद पुन्हा उचलून माती भरावी लागली.

४ फेब्रुवारी २०२४

खडीची नोंद सविस्तर करतो, कारण सर्वांत जास्त वेळ तिने खाल्ला.

साडेसात ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) खडी लागली. बहुतांश १० ते २० मिलिमीटरची, आणि दोन्ही टोकांना मीटरभर ४० मिलिमीटरची, जेणेकरून आत येणारे पाणी रुंदीभर पसरेल आणि बाहेर जाणारे अडणार नाही. क्रशरची खडी दिसायला स्वच्छ असली तरी तिच्या अंगाला दगडाचे पीठ चिकटलेले असते. पहिली ट्रॉली तशीच वाफ्यात टाकली गेली होती. त्यावर पाणी सोडून पाहिल्यावर तळाशी राखाडी चिखलाचा पापुद्रा धरला. हा पापुद्रा पुढे पाण्याची वाट बंद करतो. ती ट्रॉली फावड्याने बाहेर काढताना कागदाला दोन ठिकाणी छिद्रे पडली आणि ठिगळे लावावी लागली.

खडी धुवायची तर पाणी हवे. पाणी वाचवण्याच्या कामासाठी टँकर मागवण्याची कल्पना समितीतील कुणालाच रुचली नाही, आणि ते बरोबरही होते. तोपर्यंत गाळ टाकी बांधून, पाणी मारून तयार झाली होती, म्हणून न्हाणीचे पाणी तिच्यात वळवले आणि तिच्यातून निघणाऱ्या पाण्यानेच खडी धुतली. लोखंडी चाळणीवर घमेले घमेले खडी ओतायची, वरून पाणी सोडायचे, खाली राखाडी पाणी उतरणे थांबले की खडी वाफ्यात. रोज जेवढे पाणी येई तेवढीच खडी धुऊन होई. काम दोन आठवडे लांबले आणि मजुरीपोटी ११,००० रुपये अधिक गेले. खडी क्रशरवरच धुऊन मागितली तर ब्रासमागे थोडे जास्त पैसे घेऊन देणारे क्रशर आहेत. ज्यांना हे काम करायचे आहे त्यांनी आधी तशी चौकशी करावी.

१८ फेब्रुवारी २०२४

कर्दळीचे कंद फूटभर अंतरावर लावले. गावच्या ओढ्यातून आणलेले थोडे पाणकणीसही लावले. बाहेर पडणाऱ्या पाइपला फिरता एल्बो बसवला आहे. तो खालीवर केला की वाफ्यातील पाण्याची पातळी बदलते. पाणी खडीच्या पृष्ठभागाखाली दहा सेंटिमीटरच ठेवायचे. वर उघडे पाणी दिसले की डास आलेच. कंद मूळ धरीपर्यंत पातळी थोडी वर ठेवली आहे.

आजपासून न्हाणीघरे आणि स्वयंपाकघर दोन्हींचे पाणी वाफ्यात सोडले.

६ मार्च २०२४

केस. लांब केसांच्या १४० मुली रविवारी डोक्यावरून न्हातात, याचा विचार आराखड्यात कुठेही नव्हता. गाळ टाकीच्या तोंडाची लोखंडी जाळी उघडली तेव्हा तिच्यावर केस, साबणाचा मेण आणि कपड्यांचे तंतू यांची ओल्या घोंगडीसारखी जाड लादी बसली होती आणि पाणी जाळीवरून ओसंडून चालले होते. आता प्रत्येक नहाणी ट्रॅपवर मच्छरदाणीच्या नायलॉन कापडाचा गोल तुकडा रबराने बसवला आहे. तो हाताने उचलून झटकता येतो. मुलींच्या खोल्यांनुसार पाळ्या लावल्या आणि हे काम पहिल्या दिवसापासून सुरळीत चालू आहे, कारण ट्रॅप तुंबला की पाणी त्यांच्याच पायाशी साचते.

गाळ टाकीच्या याच तोंडाशी सॅनिटरी पॅडही सापडले. यात मुलींना दोष देण्यात अर्थ नाही. न्हाणीघरांत झाकणाचे डबेच नव्हते. डबे ठेवले, ते रोज उचलण्याची व्यवस्था गृहपाल बाईंनी लावली, आणि हा प्रश्न तेथेच संपला.

वास अजून येतो. गाळ टाकीत पाणी जेमतेम चार तास राहते, त्यामुळे तिचा तो वास नाही. वास वाफ्याच्या तोंडाशी, म्हणजे स्वयंपाकघराचा पाइप मिळतो तेथे आहे.

२१ मार्च २०२४

वाफ्याच्या तोंडाची मीटरभर खडी उकरली. दगडांवर पांढरट, चिकट थर होता आणि त्याखाली काळे पाणी. सगळे तेल-तूप आणि भाताची पेज.

स्वयंपाकघराला तेल-सापळा होता, पण तो दिवसाच्या ११०० लिटरांची सरासरी धरून १०० लिटरांचा केला होता. पाणी सरासरीने येत नाही. रात्रीची भांडी अर्ध्या तासात घासली जातात आणि त्या अर्ध्या तासात ४०० लिटर येतात. सापळ्यात पाणी काही मिनिटेच थांबते आणि तेल वर येण्याआधीच पुढे निघून जाते. शिवाय मावशी पातेली गरम पाण्याने विसळतात. गरम पाण्यात पातळ झालेली चरबी सापळ्यातून सरळ पार होते आणि वाफ्यातील थंड खडीवर जाऊन थिजते.

दुरुस्ती तीन ठिकाणी केली. ४०० लिटरांचा, आत दोन आडभिंती असलेला नवा सापळा बांधला. पहिली आडभिंत वरून पाणी अडवते आणि तळातून सोडते, त्यामुळे तेल अलीकडेच तरंगत राहते. भांडी पाण्याखाली जाण्याआधी खरकटे पुसून वेगळ्या बादलीत काढायचे ठरवले. शेजारचे एक गवळी ती बादली संध्याकाळी गुरांसाठी नेतात. आणि मुख्य म्हणजे स्वयंपाकघराचे पाणी वाफ्यातून कायमचे काढून टाकले. ते सापळ्यातून निघून नांदेड पॅटर्नच्या शोषखड्ड्यात (पाणी जमिनीत मुरवणाऱ्या झाकलेल्या खड्ड्यात) जाते आणि त्याभोवती केळी लावल्या आहेत. केळीला हे पाणी मानवते. शौचालयाला लागणारे पाणी न्हाणीघरांतूनच पुरेसे येत असताना स्वयंपाकघराचे हजारभर लिटर मिळवण्यासाठी अख्खा वाफा पणाला लावणे शहाणपणाचे नव्हते.

तोंडाची खडी बदलली. खर्च सापळ्यासह १९,००० रुपये.

आता उरला प्रश्न सापळा साफ कोणी करायचा. दर तिसऱ्या दिवशी झाकण उचलून वरची साय डब्याने काढावी लागते. तिला आंबलेल्या ताकाचा आणि कुजक्या अंड्याचा मिळून वास येतो. पहिल्या आठवड्यात ‘सर्वांनी मिळून’ असे ठरले होते. त्या आठवड्यात झाकण कुणीही उघडले नाही.

८ एप्रिल २०२४

वाफ्यातून निघणारे पाणी आता काचेच्या ग्लासात धरले तर किंचित पिवळसर पण स्वच्छ दिसते. ते वाळूच्या गाळणीतून ५,००० लिटरांच्या जमिनीखालच्या टाकीत उतरते आणि अर्धा अश्वशक्तीचा पंप ते गच्चीवरील वेगळ्या टाकीत चढवतो. शौचालयांची पाइपलाइन नवी टाकली. या साऱ्या नळकामाला ५८,००० रुपये लागले आणि खर्चातील सर्वांत मोठा आकडा हाच आहे.

गच्चीवर तपासणीला गेलो तर नळकारागिराने दोन्ही टाक्यांच्या उतरत्या पाइपांमध्ये एक आडवा पाइप टाकून मध्ये गेट व्हॉल्व्ह बसवला होता. पुनर्वापराचे पाणी कमी पडले तर व्हॉल्व्ह उघडून ताजे पाणी शौचालयाला देता यावे, असा त्याचा हेतू होता, आणि हेतू चांगलाच होता. परंतु व्हॉल्व्ह उघडा असताना ताज्या पाण्याची टाकी रिकामी झाली की दुसऱ्या टाकीतील पाणी उलट्या दिशेने पिण्याच्या लाइनमध्ये शिरणार. व्हॉल्व्ह बंद ठेवण्याची सूचना लिहून लावणे हा यावरचा उपाय नाही, कारण व्हॉल्व्ह झिजतात आणि माणसे बदलतात. तो पाइप कापून दोन्ही तोंडांना टोप्या चिकटवल्या. त्याऐवजी ताज्या पाण्याची एक तोटी पुनर्वापराच्या टाकीच्या वर, तिच्या ओव्हरफ्लोपेक्षा सहा इंच उंच मोकळ्या हवेत सोडली आहे. पाणी वरून खाली पडते, खालचे पाणी वर चढू शकत नाही.

शौचालयाच्या लाइनला निळा रंग दिला, वाटेत एकही तोटी ठेवली नाही आणि प्रत्येक दारामागे ‘हे पाणी पिऊ नये, तोंड धुऊ नये’ असे रंगवले. हात धुण्याच्या बेसिनला ताजेच पाणी आहे.

२२ एप्रिल २०२४

पाणी तपासणीचा अहवाल आला. गढूळपणा व सेंद्रिय भार चांगला उतरला आहे, पण विष्ठाजन्य जिवाणू शून्य नाहीत, आणि केवळ वाफ्याने ते शून्य होतील अशी अपेक्षाही नव्हती. बादलीने पाणी ओतताना शिंतोडे उडतात, म्हणून टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकणे आवश्यक आहे.

मात्रा लिटरला ५ मिलिग्रॅम क्लोरीन धरली. ४,००० लिटरांना २० ग्रॅम क्लोरीन, म्हणजे ३० टक्क्यांच्या पावडरीचे सुमारे ६७ ग्रॅम. एवढे टाकूनही अर्ध्या तासानंतर ओटी चाचणीत, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरला आहे का हे दाखवणाऱ्या चाचणीत, पिवळा रंग येईना. पावडरीचे पोते उघडे राहिले होते आणि पत्र्याच्या खोलीत एप्रिलचे ऊन. अशा पावडरीतील क्लोरीन उडून जातो. नवी बंद पिशवी आणून पक्क्या झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सावलीत ठेवली, तेव्हा त्याच मापात रंग आला. पावडर बादलीत कालवून, चोथा खाली बसू देऊन, वरचे पाणीच टाकीत ओतायचे. चोथा गेला तर पंपाच्या फूट व्हॉल्व्हमध्ये अडकतो.

१२ मे २०२४

७ तारखेच्या मतदानाच्या आधीच वसतिगृह सुटीसाठी रिकामे झाले. पाणी येणे थांबले आणि कर्दळीची पाने चार-पाच दिवसांत करपली. या उन्हात वाफ्यातून रोज दोन-अडीचशे लिटर पाणी उडून जाते. फिरता एल्बो पूर्ण वर करून पाणी अडवले, आणि सुटीतही राहणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या न्हाणीचे पाणी तेवढे वाफ्यात जाते. पाने गेली तरी कंद जिवंत आहेत.

खर्चाचा हिशेब आज बंद केला. एकूण २,३८,००० रुपये. टँकर १२,००० लिटरांचा १,८०० रुपयांना पडत होता. एप्रिलमध्ये शौचालयांचे रोजचे २,३०० लिटर वाचले, म्हणजे महिन्याला जवळपास सहा टँकर, साधारण १०,३०० रुपये. ही बचत टँकरच्या तीन-चार महिन्यांपुरतीच आहे. बाकीच्या वर्षात बोअरच्या विजेचे बिल थोडे कमी होईल एवढेच. पैशांच्या हिशेबाने हे काम फिटायला सहा-सात वर्षे लागतील. ‘दोन वर्षांत पैसे वसूल’ असे सांगणारे विक्रेते भेटतात, त्यांना टँकर वर्षातून किती महिने धरला ते विचारावे. आम्हाला हवे होते ते वेगळे : या वर्षी परीक्षा संपेपर्यंत वसतिगृह चालू राहिले.

वाफ्यातून शिल्लक राहणारे पाणी कडुनिंब आणि शेवग्याच्या आळ्यांना दिले आहे, तेही आळी बदलून बदलून. कपड्यांच्या पावडरीतील सोड्यामुळे काळी जमीन चोपण होते. पाणी वर साचू लागले आणि माती सुकल्यावर दगडासारखी झाली की तेथे पाणी देणे थांबवून जिप्सम टाकायचे. पालेभाज्यांच्या वाफ्यांना हे पाणी द्यायचे नाही, ही अट समितीच्या ठरावात लिहून घेतली आहे.

२० जून २०२४

पहिल्या मोठ्या पावसात अंगणाचे गढूळ पाणी वाफ्यात शिरले आणि कडेची दोन फूट खडी मातीने माखली. वाफ्याभोवती नऊ इंच उंच विटांचा बांध आणि वरच्या बाजूला चर काढली. हे जानेवारीतच व्हायला हवे होते, तेव्हा खर्चात कपात म्हणून वगळले गेले. माखलेली खडी काढून धुतली. या वेळी पाण्याची वानवा नव्हती.

कर्दळ पुन्हा फुटली आहे. मुली परतल्यावर पहिले आठ दिवस वाफ्याचे पाणी शौचालयाला न देता झाडांना सोडले आणि नंतर टीसीएल सुरू केले.

तेल-सापळ्याचा प्रश्न कालच्या बैठकीत सुटला. स्वयंपाकघरातील एका मावशींनी स्पष्टच सांगितले की हे काम त्यांच्या नेमणुकीत नाही आणि फुकट त्या करणार नाहीत. समितीने देखभालीच्या शीर्षाखाली त्यांना महिना ८०० रुपये, रबरी हातमोजे आणि लांब दांड्याचा झारा मंजूर केला, आणि त्या रजेवर असतील तेव्हा शिपाई मामांनी त्याच दराने काम करायचे असे लिहिले. सापळ्याचे काँक्रीटचे झाकण एका माणसाला उचलत नाही अशी मावशींची दुसरी तक्रार होती. त्याचे दोन भाग करून प्रत्येकाला लोखंडी कडी बसवण्याचे काम सोमवारी गवंडी करणार आहेत.